उंबऱ्याबाहेरचा पाळणा

मी पाळणा बोलतोय. हळूच बोलतो, सवय आहे तशी. आयुष्यभर माझ्यापाशी उभं राहून सगळे कुजबुजतच आले. आणि खरं सांगायचं तर आता मोठ्यानं बोलण्याइतकं त्राणही उरलेलं नाही. इतक्यांना झोपवलं, पण मला स्वतःला काही झोप मिळाली नाही.

हेमांगीला वाटलं होतं, मी म्हणजे एक गोष्ट आहे. फोनवर माझा फोटो दाखवून ती आईला म्हणाली होती, "बघ ना, किती बाळं झोपली असतील यात! असं लाकूड मिळतं का आता?" तिच्या डोळ्यांपुढे फणसाच्या लाकडाचा वास येणारा, तुळतुळीत, झुलता पाळणा होता. तिला सापडलो तो मी असा: गास गावातल्या एका गोडाऊनमध्ये लॉजच्या जुन्या गाद्यांच्या थप्पीला टेकलेला, एक कडी गंजलेली, नवार सैल होऊन लोंबणारी. तरीही ती भाळली. माझ्या अंगात आणखी कोण वस्तीला आलंय, ते काही तिला त्या दिवशी दिसलं नाही. ते तिला नंतर दिसलं, बाळाच्या गालावर.

आत्ता मी बोळिंजमधल्या तिच्याच इमारतीच्या कंपाउंडमध्ये, कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभा आहे. उजाडतंय. कुणीतरी येईपर्यंत वेळ आहे, तेवढ्यात सांगून टाकतो.

माझा जन्म निर्मळ गावचा. जयवंत नावाच्या बागायतदाराची तिथे वाडी होती, केळीची आणि फुलांची. वाडीच्या कडेचा फणस एका वादळात आडवा झाला. त्याच वर्षी जयवंतांच्या बायकोला, यमुनाला, दिवस गेले होते. लोक म्हणाले, चांगलं जळण होईल. जयवंत म्हणाले, "जळण कसलं? पाळणा करू." सुतार ओटीवर बसून काम करायचा आणि यमुना दारात उभी राहून सांगायची, "गज जवळजवळ घ्या हो, पोराचं डोकं अडकायला नको." कातीव गज, लोखंडी कड्या, साखळ्या, तळाला पांढरी नवार आणि डोक्यावर लाकडी पोपट-चिमण्यांचं चिमणाळं. नवा होतो तेव्हा मला फार मिजास होती.

यमुनाची तीन मुलं माझ्यात वाढली. मग शेजारची. मग शेजारच्यांच्या मुलींची. पाळणा विकत आणायचा असतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. कुणाकडे बाळ झालं की माणूस यमुनाच्या दारात यायचा, "वहिनी, पाळणा मोकळा आहे का?" आणि मी निघायचो, कधी बैलगाडीत, कधी दोघांच्या खांद्यावर, पुढेपुढे टेम्पोत.

जाताना मी कधी रिकामा गेलो नाही. पाळणा रिकामा उंबरा ओलांडत नाही, अशी त्यांच्यात रीत होती. माझ्यात मऊ गोधडी घालायची, तिच्यावर वरवंटा ठेवायचा, हळदकुंकू लावायचं आणि मग मला घरात घ्यायचं. छान रीत होती. आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

पण त्या रीतीचा दुसरा अर्धा भागही होता, आणि तो काही तितका देखणा नव्हता. मी कुणाकडून परत आलो की यमुना मला अंगणातच अडवायची. "थांब. आधी तुझे पाय धुऊ दे." बाहेरून आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतात ना, तसंच. नवार सोडायची, ती वेगळी उकळायची. साखळ्या काढायची. मग चुलीवरचं खळखळतं पाणी माझ्या प्रत्येक सांध्यात, गजांच्या मुळाशी, खाचाखाचांत ओतायची. मी करकरायचो, तिला काही वाटायचं नाही. नंतर कडकडीत उन्हात उभा. शेजारणी म्हणायच्या, "अगं, पाळणा असा दाराबाहेर ताटकळत ठेवू नये." यमुना म्हणायची, "पाळण्याला काही होत नाही. त्यातून जे घरात येईल त्याचं बघा." सगळं आटोपलं की मगच गोधडी, मगच वरवंटा, मगच उंबरा.

माणसांची गंमत अशी, की त्यांना रीतीतलं हळदकुंकू लक्षात राहतं आणि उकळतं पाणी विसरायला होतं.

वर्षं गेली. नातवंडं शहरात जन्मली, जाळीच्या घडीच्या पलंगात झोपली. मी माळ्यावर गेलो. यमुना गेली, जयवंत गेले. घर पाडून नवं बांधताना कुणीतरी म्हणालं, "ह्याचं काय करायचं?" आणि मी गासला थॉमसच्या गोडाऊनमध्ये आलो.

थॉमस माणूस वाईट नव्हता. जुनी कपाटं, खुर्च्या, दिवाण यांचा त्याचा धंदा. कधीमधी माझ्यावरची धूळ झटकून म्हणायचा, "तुला पण कोणी नेईल बाबा, धीर धर." माझ्याकडे दोनचार गिऱ्हाइकं आली. एकाला माझ्यात झाडांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या. एक बाई म्हणाली, हॉटेलच्या दारात छान दिसेल. त्या वयात अपमानही नीट होत नाही.

मग शेजारी त्या लॉजच्या गाद्या येऊन पडल्या. आणि एकेक करून ते आले. चपटे, तांबूस, उजेडाला भिणारे. माझ्या सांध्यांत, नवारीच्या घडीत, कडीच्या भोकाआड. मी त्यांना बोलावलं नव्हतं. पण मला हातही नाहीत, झटकणार कशानं? माणूस नसताना ते महिनोन्‌महिने उपाशी राहतात, हे मला तिथे कळलं. आम्ही एकमेकांना धरून कुणाचीतरी वाट बघत होतो. फक्त आमची कारणं वेगळी होती.

आणि हेमांगी आली.

ती जर्मनीत पर्यावरण शिकून नुकतीच घरी परतली होती. तिकडे लोक नको असलेली खुर्ची, टेबल घरासमोर फुटपाथवर ठेवतात आणि ज्याला हवं तो उचलून नेतो. तिची तिथली सगळी खोली तशीच सजली होती. इथेही तसंच सुरू करायचं, हा तिचा ध्यास होता. थोरली बहीण विनिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बारशाला नवा पाळणा आणायचं घरात चाललं होतं. हेमांगीनं ते मोडून काढलं. "एवढ्याशा जिवासाठी नवीन झाड कशाला कापायचं? मी आणते पाळणा."

तिनं माझ्या खांबावर बोटांनी टकटक केलं. वाळवी नाही, लाकूड घट्ट. वास घेतला. खूश झाली. नवार उलटून बघितली नाही. सांध्यात उजेड पाडला नाही. ती लाकूड बघत होती, आणि लाकूड माझं खरंच चांगलं आहे.

थॉमस म्हणाला, "बाय, पाठवण्याआधी औषध मारून देऊ? जुना माल आहे."

"औषध? बाळाच्या पाळण्यावर विष मारायचं?" ती एवढ्या जोरात म्हणाली की थॉमसनं दोन्ही हात वर केले.

"नको तर नको. माझं काय जातंय?"

टेम्पो बोळिंजला पोचला तेव्हा तिची आई, सरला, गेटपाशीच उभी होती. हातात गोधडी. याच गोधडीत विनिता आणि हेमांगी दोघी वाढलेल्या. मागे वडील, विद्याधर. आयुष्यभर मुंबईत नोकरी करून आता निवृत्त झालेले. ते मला बघून म्हणाले, "पाळणा आणलास की गलबत? लिफ्टमध्ये मावणार आहे का हे?"

"तुम्ही गप्प बसा हो," सरला म्हणाली. मग लेकीला म्हणाली, "हेमा, पाळणा रिकामा आत नेत नाहीत. आमच्या आत्या निर्मळला दिलेल्या, त्यांच्याकडून ऐकलंय मी. पण तू म्हणत होतीस ना, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवायचा, पुसायचा? तू शिकून आलीस, तू सांगशील तसं करू."

तेवढ्या एका क्षणी सगळं हेमांगीच्या हातात होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, गच्ची म्हण. गच्ची म्हण, पोरी.

पण तिचे डोळे गोधडीवर होते, आणि ते भरून आले होते. "नाही आई. तुझंच बरोबर आहे. किती सुंदर आहे गं हे! अशा रीती आपणच घालवल्या. आजच आत घेऊ."

मग गोधडी घातली. वरवंटा ठेवला. हळदकुंकू लावलं. चार मजले जिन्यावरून मला चढवलं, आणि मी मानानं उंबरा ओलांडला. माझ्यासोबत तेही आले.

बारसं थाटात झालं. इमारतीतल्या बायका आल्या, सोफ्यावर, दिवाणावर दाटीवाटीनं बसल्या. विनिताच्या सासरची माणसं साताऱ्याहून आली; त्यांच्या बॅगा माझ्या पायाशीच रचून ठेवल्या होत्या. बाळ माझ्या खालून-वरून फिरलं, आत्यानं कानात नाव सांगितलं: सुमेध. जो तो हेमांगीचं कौतुक करत होता. विनिताची सासू म्हणाली, "हौशी आहे हो तुमची धाकटी." खूप वर्षांनी माझ्यात ऊब आली होती. लाज वाटते सांगायला, पण मी विसरलो होतो की ती ऊब आणखी कुणालातरी हवी आहे.

सुमेध झोपेत दचकून रडायला लागला. गालावर ओळीनं लाल गांध्या उठल्या. सरला म्हणाली, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या झाल्या. विद्याधर म्हणाले, डास असतील. मच्छरदाणी आली. विनिता म्हणाली, उष्णतेच्या असतील. डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं, "घरात ढेकूण आहेत का?"

"छे, छे!" सरला एकदम म्हणाली. "आमच्याकडे? चांगला स्वच्छ फ्लॅट आहे आमचा."

घरी आल्या आल्या हेमांगीनं गोधडी उचलली, नवार उलटी केली आणि फोनचा उजेड सांध्यात पाडला. जे दाराबाहेर करायचं, ते आठवडाभरानं बैठकीच्या खोलीत. काळे ठिपके. वाळलेल्या साली. आणि उजेड पडताच लगबगीनं आत सरकणारे ते.

विद्याधर वाकून बघत म्हणाले, "अरे, हे तर जुने ओळखीचे. चाळीत दर रविवारी खाट गच्चीवर आपटायचो आम्ही. मला वाटलं, सुटलो यांच्यातून."

विनितानं बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. ती हेमांगीला म्हणाली, "पृथ्वी वाचवायला तुला माझंच लेकरू सापडलं का?"

"ताई, मला खरंच..."

"बाबा नवीन पाळणा आणतो म्हणाले होते. तूच नाही म्हणालीस. मोठं भाषण दिलंस. आता त्याच्या गालाकडे बघ आणि दे भाषण."

"हळू बोल," सरला म्हणाली. "खिडकी उघडी आहे."

त्या घरात त्या क्षणापासून सगळ्यात मोठी गोष्ट तीच झाली, खिडकी. साताऱ्याला कळलं तर? शेजाऱ्यांना कळलं तर? ढेकूण हा शब्द कुणी पुन्हा उच्चारला नाही. 'ते' म्हणायचे. सरलानं ठरवलं: दिवेलागणीला पाळणा गुपचूप खाली नेऊन ठेवायचा. कुणीतरी उचलून नेईल आणि सुटका होईल. "तूच म्हणतेस ना, तिकडे असंच ठेवतात बाहेर?" ती हेमांगीला म्हणाली. बाळाच्या आईचे शिव्याशाप ऐकलेली मुलगी वाद घालत नाही. तिनं माझा एक खांब धरला, वडिलांनी दुसरा, आणि मी खाली आलो.

आम्ही डब्यांजवळ पोचतो न पोचतो तोच हंसा आली. हंसा ही इथल्या वॉचमनची बायको; गेटशेजारच्या खोलीत राहते, जिने झाडते. तिचे दिवस भरत आलेत. तिनं माझ्याकडे बघितलं, पदरानं माझा कठडा पुसला आणि विचारलं, "ताई, ह्यो टाकताय व्हय? कुनी नेनार नसंल तर मी नेऊ?"

हेमांगीनं तोंड उघडलं. पण लिफ्टच्या दारातून सरलाचा आवाज आला, "ने, ने, हंसा. चांगला दणकट आहे. तुझ्यासाठीच समज."

"देव भलं करो, काकू. सकाळच्याला नेते. तिन्हीसांजेला पाळना हलवू नये म्हन्तात."

हेमांगी खाली मान घालून लिफ्टमध्ये शिरली. मी तिथेच राहिलो. वर घरात नंतर काय बोलणं झालं, कोण जेवलं, कोण नाही, मला ठाऊक नाही. मी एवढंच जाणत होतो की आणखी एक बाळ येणार आहे, आणि मी पुन्हा एकदा निघालो आहे. मला आता जायचं नाही हो. चढण्याचा, उतरण्याचा, कुणाच्या तरी गालावरच्या गांध्यांना कारण होण्याचा कंटाळा आलाय मला.

ही बघा, हंसा आली. न्हाऊन आलीय, केस ओले आहेत. हातात धुतलेल्या लुगड्याची घडी. तिनं ती उलगडली, दोनदा झटकली आणि माझ्या तळाशी नीट पसरली. मी ओळखलं. रिकामा न्यायचा नाही म्हणून.

"थांब! हंसाताई, थांब!"

हेमांगी जिन्यावरून धावत आली. पायांत दोन वेगळ्या चपला, हातात पक्कड, डोळे सुजलेले. हंसानं चटकन हात मागे घेतला. तिचा चेहरा उतरला.

"परत पायजे काय तुमाला? न्या ना ताई. मी काय म्हन्ते, तुमचाच हाय तो."

"परत नको गं." हेमांगीला धाप लागली होती. "यात ढेकूण आहेत."

दूधवाला थांबला. स्टेशनला निघालेले दोघंतिघं वळून बघायला लागले. वर चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडली. "हेमा! वर ये आधी!"

हंसा मात्र हसली. "एवढंच ना? आमच्या खोलीत उंदीर बी हायेत. त्येंच्यासंगं खेळतील."

"चेष्टा नाही. माझ्या भाच्याचा गाल बघ वर येऊन. मी न बघता घरात आणला म्हणून झालं ते. काल तुला सांगायला हवं होतं, आणि माझी जीभ उचलली नाही." तिनं वर बघितलं, मग हंसाकडे. "मी ठरवलंय. हा आज इथंच, उन्हात, सगळ्यांसमोर सुटा करायचा. नवार जाळायची. साफ झाला असं मला पटलं, तर मी स्वतः तुझ्या दारात आणून देईन, आणि तूही उलटासुलटा करून बघायचा. नाही पटलं, तर फोडून टाकायचा. पण असा कुणाच्या गळ्यात बांधायचा नाही. आणि बारशाला जे जे आले होते त्यांना आज मी फोन करणार. साताऱ्यालासुद्धा. बॅगा तपासा म्हणून सांगणार."

"हेमा!" वरून आवाज आला. या खेपेला तो चिडका नव्हता, रडवेला होता.

हंसानं आपलं लुगडं उचललं, उजेडात धरून नीट निरखलं आणि दूर धरूनच झटकलं. मी रिकामा झालो. दाराबाहेर, भर रस्त्याच्या तोंडाशी, सगळ्यांच्या देखत रिकामा. यमुनाच्या अंगणानंतर असा उभा राहिलो नव्हतो.

तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनंपानं आलं, तर त्याला जरा दारातच थांबवा. उलटं करा, सांध्यात उजेड पाडा, तापत ठेवा. गाद्या, उशा तर घेऊच नका. आम्हाला राग येत नाही. मान काय, नंतरही देता येतो. आणि द्यायची वेळ आली, तर खरं सांगून द्या. माझी मोडतोड झाली तरी चालेल. दमलोय, पडून राहायला मला आवडेलच.

हेमांगीनं पक्कड माझ्या गंजक्या कडीला लावली. मग मान वर करून, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात, ती ओरडली:

"आई, मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेव!"